7.2 सीजीपीए आणि जर्मनीचा अर्ज: माझा अनुभव

मेकॅनिकलला माझा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, 10 पैकी 7.2. जर्मनीतल्या बऱ्याच मास्टर्स कोर्सना अट असते ती 2.5 किंवा त्याहून चांगल्या जर्मन ग्रेडची. तिथं 1 सगळ्यात वर, 4 म्हणजे काठावर पास.

पहिला अर्ज नाकारला गेला. माझी ग्रेड 2.68 धरली होती. म्हशींच्या दुधावर चालणारं आमचं घर, त्यात अर्जाची फी वाया गेलेली. आबांना सांगताना घसा दाटून आला.

मग रंकाळ्याच्या कट्ट्यावर वही घेऊन बसलो आणि आपले गुण जर्मन ग्रेडमध्ये बदलायचं सूत्र हातानं सोडवलं. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल गुण आणि किमान पासगुण यांच्या फरकानं भागा, 3 नं गुणा, 1 मिळवा. पासगुण 5 धरले की 2.68 येतात, 4 धरले की 2.4! आमच्याकडं पास 4 लाच. पण ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या एकत्रित गुणपत्रकावर, ते कुठंच छापलेलं नव्हतं.

परीक्षा विभागात दोन चकरा फुकट गेल्या. तिसऱ्यांदा इंग्रजी मजकूर स्वतःच टाईप करून नेला: कमाल 10, किमान पास 4. तासाभरात सही-शिक्का मिळाला. पुढच्या प्रत्येक अर्जाला ते पत्र ट्रान्स्क्रिप्टच्या पीडीएफमध्येच जोडलं, आणि पुढच्या सेमिस्टरला प्रवेश मिळाला.

हे पत्र शेवटच्या वर्षातच घेऊन ठेवा. व्हिसासाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्रही (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी) लागतं, त्याचीही कागदपत्रं तेव्हाच जमवा.