टेस्टिंगसाठी खऱ्या ग्राहकांचा डेटा मागितला तर

रिलीज तोंडावर असते, बग काही केल्या सापडत नाही, आणि मॅनेजर म्हणतो, "प्रॉडक्शनचा डंप घे आणि बघ." म्हणजे चालू सिस्टिममधल्या खऱ्या ग्राहकांच्या डेटाची आख्खी प्रत. अंधेरी-पवईपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही ऑफिसात ही वेळ येऊ शकते. नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. नकारासोबत काम भागेल असा दुसरा डेटा तयार ठेवावा लागतो.

आधी बग कोणत्या कॉलमवर अवलंबून आहे ते शोधा. बहुधा रक्कम, तारीख आणि स्टेटस एवढंच लागतं. बाकीचे कॉलम क्वेरीतच गाळा. लॅपटॉपवर उतरवून मग पुसू नका. उतरलेला डंप डाउनलोड्समध्ये आणि बॅकअपमध्ये उरतो, आणि तोच लॅपटॉप संध्याकाळी लोकलच्या रॅकवर असतो.

मोबाइल नंबर हॅश केला (सूत्राने उलट न फिरवता येणाऱ्या खुणेत बदलला) की झालं, हा फार महागात पडणारा गैरसमज. आपल्याकडे मोबाइल नंबर 6 ते 9 ने सुरू होतो, म्हणजे शक्यता जेमतेम 400 कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक त्या सगळ्यांचे एसएचए-256 या प्रचलित पद्धतीचे हॅश काही मिनिटांत काढून मूळ नंबर जुळवतो. त्याऐवजी प्रत्येक ग्राहकाला रँडम टोकन, म्हणजे नंबरशी संबंध नसलेली खूण, द्या, आणि कोणतं टोकन कुणाचं हा जुळणीचा तक्ता प्रॉडक्शनबाहेर नेऊ नका. जन्मतारीख आणि पिनकोड सुटे सुटे निरुपद्रवी वाटतात, पण एकत्र आले की अनेकदा मोजकीच माणसं उरतात. जन्माचं फक्त वर्ष ठेवा. पिनकोडचे पहिले तीन अंक पुरतात: 400 म्हणजे मुंबई आणि आसपासचा भाग.

नकली आधार क्रमांक हवाच असेल तर 0 किंवा 1 ने सुरू होणारा 12 अंकी बनवा. तसे क्रमांक कुणालाच दिले जात नाहीत. शेवटचा अंक व्हेरहोफ पद्धतीने (आधीच्या अंकांवरून तपासणी-अंक काढायचं सूत्र) काढा, नाहीतर तपासणीत अडकेल. पहिल्याच अंकावर फॉर्म अडला तर सूट फक्त टेस्ट सर्व्हरवर द्या. तिथला एसएमएस गेटवेही, म्हणजे मेसेज पाठवणारी सोय, बंद करा. हप्ता थकल्याचा खोटा मेसेज एखाद्या घरी पोचला तर तिथे काय होईल, याचा विचार करा.

मग मॅनेजरला मेल: "सर, बग या डेटावरही दिसतो आहे. खरा डंप लागणारच असेल तर मंजुरी कोण देणार, ते लेखी कळवा." तोंडी होकारावर पुढे जाऊ नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणासाठी कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

डंप आधीच बाहेर गेला असेल तर सिक्युरिटी टीमला त्याच क्षणी सांगा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे डेटाफुटीची घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावी लागते. घाबरून फाइल किंवा लॉग पुसू नका; कुणी काय उघडलं, कुठे पाठवलं, ते त्यातूनच कळतं.