शाळेत टीचर कोचिंग सुरू करताय? या चुका टाळा

कोच म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना कबड्डीचे सर आठवतात. त्यामुळे शाळेत हे टीचर कोचिंग, म्हणजे एका शिक्षकानं दुसऱ्याच्या तासाला बसून शिकवणं सुधारायला मदत करणं, आलं तेव्हा निम्म्यांना वाटलं आता जादा तास घ्यायला लावणार, आणि उरलेल्यांना वाटलं तपासणी आली. गंमत म्हणजे पहिलं वर्ष आम्ही ते तपासणीसारखंच चालवलं, आणि ते सपशेल फिसकटलं. मी नववी-दहावीला गणित शिकवते, कोचचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं, म्हणून या चुका बऱ्याचशा माझ्याच आहेत.

सगळ्यात महागात पडली ती लॉगबुकची, म्हणजे पाठनिरीक्षणाच्या नोंदवहीची. मी एका मॅडमच्या तासाला मागच्या बाकावर वही घेऊन बसले, आणि हेडसर म्हणाले की जाताच आहात तर लॉगबुकात पण लिहून टाका. झालं! लॉगबुक आलं की त्याच्या मागे गोपनीय अहवाल दिसतो हे माध्यमिकच्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी मी येणार म्हटल्यावर मॅडमनी आदल्या दिवशी पोरांकडून उत्तरं घोटून घेतली, भिंतीवर तक्ते लावले, आणि प्रश्न पुरता विचारायच्या आत दहा हात वर. त्यात मला काय कळणार, कप्पाळ! तेव्हा पाठनिरीक्षण हेडसरांकडे आणि पर्यवेक्षकांकडेच राहू द्या, ते त्यांचं काम आहे. कोचनं लिहिलेला कागद मात्र ज्याचा तास त्याच्याच हातात द्यायचा, त्याची झेरॉक्स निघणार नाही, आणि हे हेडसरांनी स्वतः सगळ्यांसमोर बोलायचं, कारण कोचच्या तोंडून कोणालाच खरं वाटत नाही. आणि आधी स्वतःचा तास उघडा करा. मी मधल्या सुट्टीनंतरचा नववी ब चा तास दाखवला, जो चांगलाच फसला, आणि पुढच्याच आठवड्यात दोघी आपणहून म्हणाल्या की आमच्याकडे पण या.

दुसरं म्हणजे शेरे. "फलकलेखन सुंदर, विद्यार्थी सहभाग वाढवावा" हे वाचून आजवर कोणाचा तास सुधारलाय? तासाआधी पाच मिनिटं भेटा आणि विचारा, नेमकं काय बघू. एक मॅडम म्हणाल्या, मी प्रश्न विचारून किती थांबते ते बघ. मी घड्याळ लावून बसले, दोन सेकंद पण होत नव्हते आणि उत्तर त्याच देऊन मोकळ्या. नंतर फक्त आकडे समोर ठेवले, त्याच हसल्या, म्हणाल्या अगं मी तर स्वतःचीच परीक्षा घेतेय! एका वेळी एकच गोष्ट धरा, चार सांगितल्या तर चारही राहतात.

आता विषयाच्या टीमची मीटिंग. ही जमली की सरकारला भरून द्यायची युडायसची माहिती, सहल, स्नेहसंमेलन, मतदारयादीची बीएलओची ड्युटी, आणि शेवटी बेल. यावर आम्हाला लागू पडलेला एकच नियम, वह्या नाहीत तर मीटिंग नाही. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणायच्या, त्या पण हुशार पोरांच्याच उचलून आणायच्या नाहीत. अशाच एका मीटिंगला तिन्ही तुकड्यांच्या वह्यांत एकच चूक निघाली, तीन एक्स बरोबर १२, म्हणून एक्स बरोबर ९. आधी सगळे पोरांना हसलो, मग लक्षात आलं की "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे आठवीत आपणच शिकवलंय, पोरानं ३ पलीकडे नेला आणि इमानदारीत वजा केला, त्याचं काय चुकलं? ठरलं की तीन आठवडे "पलीकडे नेणे" हा शब्दच वापरायचा नाही, फळ्यावर तराजू काढायचा आणि दोन्ही बाजूंना ३ नं भागायचं. परत छोटी चाचणी घेतली. चूक बरीच कमी झाली, पण वजा चिन्ह आलं की अजून डोकं वर काढते.

वेळेचं म्हणाल तर ऑफ तासाच्या भरवशावर राहू नका, कोणीतरी रजेवर असतंच आणि बदली तास लागतोच. जूनमध्ये वेळापत्रक बनतं तेव्हाच टीमचा एक सामाईक ऑफ मागून घ्या, नंतर मिळत नाही. दोन पाळ्यांच्या शाळेत तेही जमत नाही, तिथं पाळी बदलतानाची वीस मिनिटं धरा. एनईपी २०२० मध्ये, म्हणजे राष्ट्रीय शिक्षण धोरणात, शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास करावा असं म्हटलंय, पण आपल्याकडे त्याचा अर्थ दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स न बघता पुढे पुढे पळवून सर्टिफिकेट डाऊनलोड करणे एवढाच झालाय.

संस्कृत किंवा चित्रकलेला शिक्षक एकटाच असेल तर त्याला एकटा सोडू नका, नववीला शिकवणाऱ्यांच्या टीममध्ये घ्या.

आणि "अठ्ठावीस वर्षं शिकवतोय, मला काय कोचिंग" म्हणणारे सर प्रत्येक शाळेत असतात. त्यांच्या वर्गात शिरायची घाई करू नका. आमच्या सरांकडे पोरं भूमितीची प्रमेयं कारणांसकट लिहितात, घोकत नाहीत, म्हणून आम्ही आधी शिकायला त्यांच्या तासाला बसलो. दिवाळीनंतर एक दिवस तेच विचारत आले, ती वह्यांची मीटिंग कधी असते हो मॅडम?