कोरी तारीख चिठ्ठी बघून पुस्तक बाद करू नका

एम.लिब. करून मराठवाड्यातल्या विद्यापीठात किंवा जुन्या कॉलेजात ग्रंथालयाला लागलात की एक काम हमखास अंगावर येतं, "रॅकला जागा नाही, कुणी वाचत नाही ती पुस्तकं काढा." त्यात कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची टीम यायची असली की लईच घाई. माझ्याकडं हे काम आलं तेव्हा मी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून दहा वर्षांत एकदाही इश्यू न झालेल्या पुस्तकांचा रिपोर्ट काढला, एक्सेलची यादी तयार झाली आणि मला वाटलं निम्मं काम झालं. तिथंच चुकले.

त्या यादीत हैदराबाद संस्थानाच्या १९३१ च्या जनगणना अहवालाचा एक खंड होता, इश्यू शून्य, तारीख चिठ्ठी (पुस्तक देताना तारखेचा शिक्का मारायचा, आत चिकटवलेला कागद) कोरी. मी तो हातात न घेताच टिक केला आणि तो गठ्ठ्यात बांधून रद्दीत गेला. अहो, तो संदर्भ ग्रंथ होता, बाहेर देतच नव्हते, मग चिठ्ठीवर शिक्का पडणार कसा? पुढं २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळातल्या कागदपत्रांची विचारपूस एकदम वाढली, त्यातच एक पीएचडीचा मुलगा बीडहून एसटीनं आला, आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं नोंदवतात त्या दाखल रजिस्टरमधला नंबर वहीत लिहून घेतला होता त्यानं, आणि मला त्याला तोंडावर सांगावं लागलं की नोंद आहे पण पुस्तक नाही. तो काहीच बोलला नाही, वही मिटली आणि गेला. ते अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून नव्या लोकांना सांगते, रिपोर्ट ही सुरुवात धरा, निकाल नाही. कॉम्प्युटरला कॉम्प्युटर आल्यानंतरचंच माहीत असतं, आधीची देवघेव तारीख चिठ्ठीवर आणि हॉलमध्ये बसून वाचलेलं तर कुठंच नाही. आता आम्ही संध्याकाळी टेबलावर राहिलेली पुस्तकं मांडणीत लावायच्या आधी स्कॅन करतो, कोहात त्याची वेगळी नोंद होते, आणि दोन-तीन महिन्यांतच यादीतली बरीच "मेलेली" पुस्तकं जिवंत निघाली. पुस्तक उघडून बघा, कडा एकाच प्रकरणाला काळवंडलेल्या असतात, समासात पेन्सिलच्या खुणा असतात, म्हणजे कुणीतरी रोज येऊन तेवढंच वाचत होतं.

तरी काही पुस्तकं खरंच पडूनच राहतात, त्यात लाज वाटायचं कारण नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ चा अभ्यास आहे, १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही इश्यू झाली नव्हती. तेव्हा काढायचं ते बिनधास्त काढा. एमएस-डॉस या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीवरच्या पुस्तकाच्या पंधरा प्रती कशाला पाहिजेत, एक ठेवा. औषधशास्त्राची, टॅक्सची जुनी आवृत्ती तर चालू रॅकवर ठेवणंच धोक्याचं, पोरं तेच पाठ करून परीक्षेला जातात. पण शेवटची प्रत, स्थानिक प्रकाशन, संस्थानी काळातलं काहीही असलं तर दुसरीकडं कुठं आहे का हे बघितल्याशिवाय हात लावू नका, इन्फ्लिबनेटच्या इंडकॅटवर, म्हणजे देशातल्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन यादीत, आधी शोधा.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे पण तेच तुम्हाला वाचवतं. यादी त्या त्या विभागाच्या सरांना, मॅडमना दाखवून सही घ्या, मग ग्रंथालय समिती, मग वरची मंजुरी. दाखल रजिस्टरच्या शेऱ्यात ठराव क्रमांक आणि तारीख लिहा, बाद झालेला नंबर दुसऱ्या पुस्तकाला देऊ नका. आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर "बाद" शिक्का माराच, नाहीतर भले लोक रद्दीवाल्याकडं आपला शिक्का बघून पुस्तक परत आणून देतात. गहाळ पुस्तकांची वसुली पगारातून होईल म्हणून नवीन माणूस फार घाबरतो. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत वर्षाला इश्यू झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं रास्त धरलंय, मात्र हजार रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी होतेच. आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे तो आधी वाचून घ्या.

आमच्याकडं सगळ्यात अवघड होती उर्दूची कपाटं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणच उर्दूत, त्यामुळं जुन्या लोकांनी दान दिलेली उर्दू पुस्तकं ढिगानं आहेत. परिचर मामा म्हणाले, "मॅडम, हे कोण वाचायलंय आता?" खरं तर ती कॉम्प्युटरवर चढलीच नव्हती, कुणी शोधली तरी सापडणार कशी! मग उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या एका गुरुजींना विनंती केली. ते दर गुरुवारी दुपारी येतात, पुस्तकाची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसतात, नाव मोठ्यानं वाचतात, मी देवनागरीत टाइप करते, मामा लेबल चिकटवतात. सध्या तिसरं कपाट चालू आहे. मागच्या गुरुवारी त्यात शेतसाऱ्यावरचं एक पुस्तक निघालं, बीडच्या त्या मुलाचा नंबर शोधून त्याला फोन केला, पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय.