पहिलं स्वतंत्र काम घेताना: खोल्यांची यादी, प्लॉट आणि स्क्वेअर फुटाचा रेट

बी.आर्क.ची पाच वर्षं, आर्किटेक्चर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, कुणाच्या तरी ऑफिसात काही काळ ड्रॉइंगं ओढणं, आणि मग एक दिवस ओळखीतून पहिलं काम येतं. बहुतेकांचं ते घर असतं, नाहीतर डॉक्टर नवरा-बायकोचं छोटं हॉस्पिटल: खाली ओपीडी आणि दहा-बारा खाटा, वर राहायला. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत हीच कामं करते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. बांधकामाचे नियम म्हणून मुंबईत डीसीपीआर २०३४ आहे, आमच्याकडे २०२० पासून यूडीसीपीआर. मुंबईकरांनी नियमांपुरतं दुर्लक्ष करून बाकीचं वाचावं, गणित तेच आहे.

प्लॅन काढायला तुम्हाला येतो. प्रश्न प्लॅनच्या आधीच्या तीन कागदांचा आहे: प्रोग्रॅम (इमारतीत काय काय हवं त्याची यादी), साइट आणि अंदाजपत्रक. कॉलेजात हे तीन वेगवेगळ्या सेमिस्टरला, तीन वेगवेगळे सर शिकवतात. प्रोग्रॅम थीसिसच्या वेळी, साइट म्हणजे शीटवर वाऱ्याचे बाण, आणि एस्टिमेशन म्हणजे दोन खोल्यांच्या घराचं वीटकाम काढून पास होणं. म्हणून डोक्यातही ते वेगळेच राहतात. प्रत्यक्षात तिन्ही एकाच बैठकीत, एकाच कागदावर मांडावे लागतात. तसं न केल्यास काय होतं ते पुढे सांगते, तोच या लेखाचा मुख्य भाग आहे.

आधी प्रोग्रॅम. क्लायंट खोल्या सांगतो: "दोन कन्सल्टिंग, एक ओटी, एक लेबर रूम, स्पेशल रूम चार." ते लिहून घ्या, पण तेवढ्यावर उठू नका. दिवस कसा जातो ते विचारा. सकाळी नऊ वाजता दाराशी कोण असतं? आमच्याकडे एका पेशंटमागे तीन नातेवाईक येतात, त्यांचे डबे, चादरी, चपला येतात. रात्री ते कुठे झोपतात? ऑक्सिजनचं सिलिंडर गाडीतून उतरवून कुठून आत न्यायचं? बायोमेडिकल कचऱ्याच्या पिशव्या कुठे ठेवायच्या, आणि त्या वेटिंगमधून न नेता बाहेर कशा काढायच्या? जनरेटर कुठे, त्याचा धूर कुणाच्या खिडकीत? यातलं काहीच "खोल्यांच्या यादीत" नसतं, पण प्रत्येकाला जागा लागते.

एक नमुना. क्लायंट म्हणतात, "लिफ्टचा खर्च नको, रॅम्प करू." वाक्य छोटं आहे. दहा फूट चढायचे तर १:१२ उताराने रॅम्पची लांबी १२० फूट, लँडिंग वेगळे. स्ट्रेचर जायचा म्हणून रुंदी आठ फूट धरलीत तर जवळपास हजार चौरस फूट एकट्या रॅम्पला गेले. हे तिथल्या तिथे, त्यांच्या समोर, कागदाच्या कोपऱ्यात करून दाखवा. लिफ्ट अचानक स्वस्त वाटायला लागते.

वास्तू पहिल्याच दिवशी विचारा. तुमचा विश्वास असो-नसो. माझं मत कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. तिसऱ्या ड्रॉइंगनंतर सासूबाई "ओटा आग्नेयेला का नाही" म्हणतात तेव्हा हसणारे, आणि मग प्लॅन पुन्हा काढणारे आर्किटेक्ट मी पाहिलेत. तसंच शेवटचा शब्द कुणाचा, हेही ओळखून घ्या. चेक लिहिणारा आणि होकार देणारा माणूस एकच असेल असं नाही.

साइटबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण सूर्य-वारा तुम्ही शिकलाय. एवढं मात्र लक्षात ठेवा की पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा आहे. मेच्या मध्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तो थोडा उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडकीला छज्जा लागतच नाही, हे परदेशी पुस्तकांतलं ज्ञान इथे चालत नाही.

कागद आधी मागा: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीची क प्रत, झोनचा दाखला, विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता जातोय का ते. आमच्या कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात पूररेषाही बघाव्या लागतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. २०१९ च्या पुरानंतर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण प्लॉट विकणारा आपण होऊन सांगत नाही. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. पण सातबारावरचे पाच गुंठे, मोजणीतले पाच गुंठे आणि कंपाउंडच्या आतले पाच गुंठे सारखेच निघतील असं गृहीत धरू नका. रस्तारुंदीत जाणारी पट्टी आणि चारही बाजूंचे मार्जिन वजा केल्यावर उरतं ते तुमचं. आणि त्यातच हॉस्पिटलचं पार्किंग.

मातीला मात्र मी भरपूर वेळ देते, कारण ती थेट पैसे खाते. जेसीबीने खड्डा घेऊन बघा. काळी माती दोन फुटांवर संपते की सात फुटांवर, यावर फाउंडेशनचा खर्च ठरतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फरशी टाकून चालत नाही. ती काढून मुरूम भरावा लागतो. २,१०० चौरस फुटांच्या प्लिंथमध्ये (जोत्यात) तीन फूट भराव म्हणजे ६,३०० घनफूट, म्हणजे ६३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि दाबून बसतो म्हणून आणावा लागतो त्याहून जास्तच. रस्त्याची लेव्हलही घ्या. गावातला रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, जुनं कुणी खरवडत नाही. आजच्या रस्त्यापेक्षा फूटभर वर ठेवलेला प्लिंथ काही वर्षांनी पाणी आत घेतो.

आता खरा खड्डा, हे तीन कागद वेगळे ठेवल्यावर पडतो तो. मी त्यात पडलेय. माझी रडकथा राहू दे, गणित सांगते.

"मॅडम, स्क्वेअर फुटाला रेट काय चाललाय?" हा प्रश्न पहिल्या चहाच्या आत येतो. तुम्ही एक आकडा बोलता. क्लायंट मनातल्या मनात यादीतल्या खोल्यांची बेरीज करतो, त्या आकड्याने गुणतो आणि बँकेत जातो. संपलं. तुम्ही दोघंही "एरिया" हाच शब्द वापरलात, पण तुमच्या डोक्यात एक होता आणि त्याच्या डोक्यात दुसरा.

किती एरिया असतात बघा. खोल्यांची आतली मापं, ही झाली क्लायंटची यादी. रेरा कायद्यातला कार्पेट, ज्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरत नाहीत. प्लिंथ एरिया, जो मोजायचं भारतीय मानक आहे, आयएस ३८६१, आणि जे ठेकेदाराने कधी पाहिलेलं नसतं. एफएसआयचा (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या हिशेबाचा) एरिया, जो नगरपालिकेच्या नियमाने मोजतात. स्टिल्टचं (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्याचं) पार्किंग त्यात येत नाही, म्हणून कागदावर ते फुकट दिसतं, पण त्याचे कॉलम आणि स्लॅब फुकट होत नाहीत. आणि शेवटी ठेकेदाराचा स्लॅब एरिया: जिथे जिथे स्लॅब पडला तिथे तिथे मोजणी, पोर्च आणि बाल्कनीसकट. रेट बोलला जातो तो बहुतेक वेळा या शेवटच्या एरियावर. म्हणजे सगळ्यात लहान एरिया क्लायंटच्या डोक्यात आणि सगळ्यात मोठा ठेकेदाराच्या बिलात.

आकडे घालून बघू. यादीतल्या खोल्यांची बेरीज ३,००० चौरस फूट. ठेकेदाराचा रेट समजा २,००० रुपये. क्लायंटचा हिशेब: ६० लाख.

आता भिंती, पॅसेज, जिना, डक्ट, पोर्च घाला. छोट्या हॉस्पिटलला मी सुरुवातीला १.४ ने गुणते. साध्या घराला कमी लागतं, पण १.२५ च्या खाली मी कधी धरत नाही. झाले ४,२०० चौरस फूट, म्हणजे ८४ लाख. मग इमारतीच्या बाहेरचं काम: कंपाउंड, गेट, बोअर, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, पेव्हिंग, वाढीव वीजभाराची लाइन. याला १० टक्के धरा, ८.४० लाख. एकूण ९२.४० लाख. अनपेक्षित खर्चाला ५ टक्के, ४.६२ लाख. झाले ९७.०२ लाख. साहित्यासकट ठेका असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण १७.४६ लाख. बेरीज १ कोटी १४ लाख ४८ हजार.

साठ लाखांचं काम एक कोटी चौदा लाखांवर गेलं, आणि यात कुणीही चोरी केलेली नाही. सिमेंट वाढलं नाही, मजूर पळाले नाहीत. शिवाय तुमची फी, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, नगरपालिकेचं विकास शुल्क, अ‍ॅन्सिलरी (जादा) एफएसआयचं प्रीमियम, १ टक्का कामगार उपकर, फर्निचर, ओटीचे दिवे आणि टेबल हे सगळं अजून बाहेरच आहे.

म्हणून उलटं मोजायला शिका. वरच्या हिशेबात यादीतला एक चौरस फूट क्लायंटला ३,८१६ रुपयांना पडतो. २,००० ला नव्हे. त्याच्याकडे बांधकामाला सगळं मिळून ८० लाख असतील, तर ८० लाख भागिले ३,८१६, जेमतेम २,१०० चौरस फुटांच्या खोल्या. हे पहिल्या भेटीतच सांगायचं. त्याची यादी ३,००० ची आहे, पैसे २,१०० चे आहेत, आता काय सोडायचं? स्केच दाखवल्यावर हा प्रश्न विचारलात तर तुम्ही त्याचं स्वप्न कापताय असं त्याला वाटतं. स्केचआधी विचारलात तर तो स्वतः यादीवर पेन्सिल मारतो. मी तर म्हणेन, हा आकडा क्लायंटने मान्य करेपर्यंत ट्रेसिंगची गुंडाळी उघडूच नका.

हो, माझे १.४ आणि १० टक्के जसेच्या तसे उचलू नका. चार पूर्ण झालेल्या इमारतींचे प्लॅन मिळवा, खोल्यांचा निव्वळ एरिया मोजा, स्लॅब एरिया मोजा, भागाकार करा. तुमच्या भागातला आकडा तुमच्या हातात येईल. कंटाळवाणं काम आहे. पण नेटवरून उतरवलेल्या तयार एक्सेल शीटपेक्षा हे शंभरदा बरं, कारण त्या शीटमध्ये कुणाचा एरिया आणि कुठल्या वर्षाचा रेट आहे हे शीट बनवणाऱ्यालाच माहीत. सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची जरूर वाचा. आयटम नेमक्या शब्दांत कसा लिहावा हे तिच्याकडून शिकावं. तुमच्या गावातला खासगी ठेकेदार त्याच रेटने काम करेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

गुरूंविषयी थोडं वाकडं बोलते. "आधी डिझाइन चांगलं कर, पैसे आपोआप येतात" असं सांगणाऱ्या सरांचं डिझाइन खरंच चांगलं असतं, पण त्यांचे क्लायंटही तसेच असतात. तुमचा क्लायंट बँकेच्या कर्जावर बांधतोय. मला बजेट शिकवलं ते साइटवरच्या एका म्हाताऱ्या सुपरवायझरने. तो प्लॅन बघायचा आणि म्हणायचा, "इथे कोपरे किती आहेत मोजा." जितके कोपरे तितकं शटरिंग, प्लास्टरच्या कडा, वॉटरप्रूफिंगची डोकेदुखी. असा माणूस भेटला तर त्याच्यासोबत चहा प्या. बिनपगारी इंटर्नशिपला "अनुभव" म्हणणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, भाषा बिघडेल.

आणि घाबरू नका. आकडे ऐकून क्लायंट उठून जाईल ही भीती मला अजूनही प्रत्येक पहिल्या भेटीत वाटते. काही जातातच, आणि "दीड हजारात करून देतो" म्हणणाऱ्याकडे जातात. त्यांच्यामागे धावू नका, रेट तर मुळीच कमी करू नका. बाकीचे थांबतात, कारण इतकं स्पष्ट त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नसतं. थांबले की सगळं लेखी द्या: कुठला एरिया, किती, कुठल्या तारखेचा रेट, काय धरलंय आणि काय नाही. तारीख विसरू नका. दोन वर्षांनी तोच कागद घेऊन माणूस येतो आणि "तुम्हीच लिहून दिलंय" म्हणतो.

यादी आणि पैसे जुळत नसतील तर टप्पे करा, हा मार्ग खोल्या लहान करण्यापेक्षा चांगला. आज तळमजला, पुढे वरचं घर. पण मग फाउंडेशन आणि कॉलम पूर्ण इमारतीच्या भाराचेच लागतात, म्हणजे पहिल्या टप्प्याचा रेट वाढतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे पहिल्या दिवशी सांगा. जिना कुठे वर जाणार ते आत्ताच ठरवा. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या उघड्या सोडल्या तर दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जातात, म्हणून त्यांना सिमेंटची स्लरी लावून कच्च्या (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये झाकायला सांगा, आणि तोही एक आयटम अंदाजपत्रकात घाला.