डेटाबेस आणि बीआयचा अभ्यास: आधी एका ओळीचा अर्थ लावा

इंदुरात बीसीए करा, एमसीए करा किंवा बी.टेक., हा विषय साधारण दोन तुकड्यांत वाट्याला येतो. आधी डीबीएमएस (माहिती टेबलांत साठवून सांभाळणारी व्यवस्था), आणि एक-दोन सेमिस्टर उलटल्यावर डेटा वेअरहाऊस (रिपोर्टसाठी वेगळा साठवलेला डेटा) आणि बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे बीआय (त्या डेटावरून रिपोर्ट काढणं). पहिल्या तुकड्यात सांगतात की तीच माहिती दोनदा साठवणं पाप. दुसऱ्यात तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहिणारा स्टार स्कीमा (मधे आकड्यांचं टेबल, भोवती वर्णनाची टेबलं) काढायला लावतात आणि त्याला दहा मार्क देतात. मधला दुवा कोणी सांगत नाही. मग भंवरकुआच्या झेरॉक्सवाल्याकडून नोट्स येतात, व्याख्या पाठ होतात आणि प्रॅक्टिकलला बेरीज चुकली की मुलं स्क्रीनकडे बघत बसतात. परीक्षा जवळ आली की रामबागेत आमच्या घरी ओळखीपाळखीची मुलं शंका घेऊन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

सॉफ्टवेअर निवडण्यात वेळ घालवू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका, लॅपटॉप म्हातारा झाला असेल तर एसक्यूलाइट. झालं.

सरावाला पुस्तकातलं एम्प्लॉयी-डिपार्टमेंट घेऊ नका. ते इतकं धुवूनपुसून ठेवलेलं असतं की त्यात काही बिघडतच नाही. घरातल्या ड्रॉवरमधली बिलं काढा: किराणा, औषधं, नमकीन. नमकीनच्या बिलांचा तुटवडा इंदुरातल्या कुठल्याच घरात नसतो. वीस-पंचवीस बिलं हाताने टेबलांत भरा. भरतानाच प्रश्न पडू लागतात. ‘अर्धा किलो’ आणि ‘५०० ग्रॅम’ एकच धरायचं का? मोबाइल नंबर न देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं? उधारी कुठे लिहायची? यातला निम्मा अभ्यासक्रम इथेच होऊन जातो.

ईआर डायग्राम (कशाची नोंद ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, याचं चित्र) कागदावर, पेन्सिलीने. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेली पद्धत परीक्षेत अजून चालते. एका संध्याकाळचं काम आहे.

नॉर्मल फॉर्मच्या (टेबलं तोडून पुनरुक्ती काढण्याच्या पायऱ्यांच्या) व्याख्या रटण्याआधी फंक्शनल डिपेंडन्सी शोधायला शिका. एक गोष्ट कळली की दुसरी आपोआप एकच ठरते का, एवढाच तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर धंद्याच्या नियमातून येतं, समोरच्या नमुन्यातून येत नाही. दहा ओळींत प्रत्येक पिनकोडासमोर एकच वस्ती दिसली म्हणून पिनकोडावरून वस्ती ठरते असं लिहाल तर फसाल. एका पिनकोडात अनेक वस्त्या असतात. नमुना एखादी डिपेंडन्सी खोटी पाडू शकतो, खरी ठरवू शकत नाही. एवढं पक्कं झालं की तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत रस्ता सरळ आहे. त्याच्या पुढच्या, कडक फॉर्मची म्हणजे बीसीएनएफची कसोटी त्याहून सोपी: ज्याच्यावरून दुसरं काही ठरतं, ते प्रत्येक वेळी सुपर की (जिच्यावरून अख्खी ओळ ओळखता येते) असलं पाहिजे.

एसक्यूएल (टेबलांना प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) रोज लिहा. नलवर (माहीत नसलेल्या, रिकाम्या जागेवर) मात्र डोळा ठेवा. ‘या यादीत नाही’ असं विचारणाऱ्या ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल शिरला तर उत्तरात एकही ओळ येत नाही, आणि एररही येत नाही. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा.

आता जिथे बहुतेकांची गाडी अडते तो टप्पा. माझीही बरेच दिवस अडली होती, आणि कुठल्याही नोट्समध्ये यावर चार ओळींच्या वर मजकूर मिळाला नाही.

टेबलातली एक ओळ नेमकी कशाची नोंद आहे, याला ग्रेन म्हणतात. कुठलंही टेबल हातात घेतलं की क्वेरी लिहिण्याआधी हे एका वाक्यात, मराठीत, मोठ्याने म्हणा. ‘विक्रीची माहिती’ हे उत्तर चालणार नाही. ‘एका बिलातल्या एका पदार्थाची एक ओळ’ हे चालेल. वाक्य जमत नसेल तर टेबल तुम्हाला कळलेलं नाही, कीबोर्डला हात लावू नका.

का, ते बिलावर बघा. बिल नंबर १०१ वर तीन पदार्थ आहेत: लसूण शेव २००, खट्टा-मीठा १८०, चकली १२०. एकूण ५०० रुपये. गिऱ्हाइकाने २०० रोख दिले आणि ३०० यूपीआयने. म्हणजे पदार्थांच्या टेबलात तीन ओळी, पैशांच्या टेबलात दोन. आता शिक्षक सांगतात, ‘पदार्थ आणि पेमेंट एकत्र दाखवा.’ मुलं बिल नंबरवर जॉइन करतात, म्हणजे तो नंबर जुळवून दोन्ही टेबलं जोडतात. तीन गुणिले दोन, सहा ओळी तयार होतात. पदार्थांची बेरीज केली तर १००० येते, कारण प्रत्येक पदार्थ दोनदा आला. पेमेंटची बेरीज १५०० येते, कारण प्रत्येक रक्कम तीनदा आली. गल्ल्यात पाचशेच आहेत.

इथे वर्गातला कोणीतरी हुशार डिस्टिंक्ट (सारखा आकडा एकदाच धरणं) लावायला सांगतो. हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. या बिलावर डिस्टिंक्ट लावून बेरीज केलीत तर बरोबर ५०० येईल, आणि खरा धोका तिथेच आहे. बिल १०२ घ्या: साधी शेव १५०, मिक्स्चर १५०, एकूण ३००. रोख १००, यूपीआय २००. दोन्ही पदार्थांची रक्कम सारखी असल्यामुळे डिस्टिंक्ट त्यातली एक गिळून टाकतो आणि बेरीज १५० येते. आता महिन्याभराच्या बिलांत अशी बिलं किती असतील आणि रिपोर्ट कुठे चुकला हे कोण शोधणार? चुकीचं उत्तर देणारी क्वेरी निदान पकडता येते. अधूनमधून बरोबर देणारी क्वेरी थेट मालकाच्या टेबलावर जाऊन पोचते.

उपाय एकच आहे. दोन्ही टेबलं आधी आपापली ग्रुप बाय करून (एका बिलाच्या ओळी गोळा करून त्यांची बेरीज) बिलाच्या पातळीवर आणा, म्हणजे दोन्हीकडे ‘एका बिलाची एक ओळ’ होईल. मगच जॉइन करा. कुठलाही जॉइन लिहिला की आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजायची सवय लावून घ्या. ओळी वाढल्या आणि का वाढल्या हे सांगता येत नसेल, तर पुढे जायचं नाही. पॉवर बीआय या रिपोर्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन टेबलांच्या मधे ‘मेनी टू मेनी’ची (दोन्हीकडे एकाच नंबराच्या अनेक ओळी असल्याची) सूचना दिसते तेव्हाही दुखणं बहुधा हेच असतं. मुलं ओके दाबून मोकळी होतात.

वेअरहाऊसच्या मांडणीसाठी राल्फ किंबल यांनी दिलेल्या डायमेन्शनल मॉडेलच्या चार पायऱ्या परीक्षेत विचारतातच: व्यवहार निवडा, ग्रेन ठरवा, डायमेन्शन (तारीख, दुकान यांसारखं वर्णन) ओळखा, फॅक्ट (मोजायचे आकडे) ओळखा. ग्रेन दुसऱ्याच पायरीवर आहे, तारीख-दुकान-पदार्थ यांच्याही आधी. हा क्रम मोडून आधी डायमेन्शनची चित्रं काढत बसलात तर शेवटी फॅक्ट टेबलात बिलाची सूट प्रत्येक पदार्थासमोर येऊन बसते आणि पुन्हा तीच बेरीज फुगते.

बेरजेचीच आणखी एक खोड आहे. विक्री कशीही जोडा, चालते. शिल्लक माल मात्र रामबाग आणि राजेंद्रनगरच्या दुकानांचा एकत्र जोडता येतो, पण तीस दिवसांचा एकमेकांत जोडला तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. याला सेमी-ॲडिटिव्ह म्हणतात. टक्केवारी तर जोडूच नका; वरचा आणि खालचा आकडा वेगळा जोडा आणि मग भागा.

आता सुरुवातीचं पाप-पुण्य. बिलिंगच्या डेटाबेसमध्ये दिवसभर लिहिणं चालू असतं, म्हणून एक गोष्ट एकाच ठिकाणी हवी. वेअरहाऊसमध्ये ठरलेल्या वेळी डेटा भरला जातो आणि नंतर फक्त वाचन होतं, म्हणून डायमेन्शनमध्ये शहराचं आणि राज्याचं नाव हजारदा आलं तरी बिघडत नाही. परीक्षेत एवढं लिहा.

स्लोली चेंजिंग डायमेन्शन (काळानुसार बदलणारं वर्णन) शिकवताना गिऱ्हाइकाने घर बदलल्याचं तेच ते उदाहरण देतात. आपल्याकडे त्याहून चांगलं आहे. १ नोव्हेंबर २००० ला मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं झालं. समजा, इंदूरचा एक व्यापारी त्याच्या आधीपासून रायपूरला माल पाठवतोय. टाइप १ ने रायपूरसमोरचं राज्य खोडून छत्तीसगढ लिहिलं की १९९८ ची विक्रीही छत्तीसगढच्या खात्यात जाते आणि मध्य प्रदेशाचे जुने आकडे छापील अहवालाशी जुळेनासे होतात. टाइप २ मध्ये रायपूरची दुसरी ओळ तयार होते: वेगळी सरोगेट की (ओळीला दिलेला स्वतंत्र नंबर), कधीपासून, कधीपर्यंत. जुनी विक्री जुन्या ओळीला चिकटून राहते. टाइप ३ म्हणजे ‘आधीचं राज्य’ असा नुसता जादा कॉलम. कुठला वापरायचा हे प्रश्न विचारणाऱ्यावर ठरतं. ‘टाइप २ सगळ्यात चांगला’ असं लिहू नका.

डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी, अर्ध्या दिवसात होतो. पाय चार्ट टाळा. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं.

व्हायव्हाला ओएलटीपी आणि ओलॅपमधला फरक हमखास विचारतात. दहा मुद्द्यांचा तक्ता घडाघडा म्हणण्यापेक्षा आपल्याच बिलांवरून सांगा: बिल फाडणं हे पहिलं, महिन्याची विक्री दुकानवार बघणं हे दुसरं. १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत ठेवायची पद्धत) मांडणाऱ्या कॉड यांनीच १९९३ साली ओलॅप हे नावही पुढे आणलं, हे बोलता बोलता सांगितलंत तर बाहेरून आलेले परीक्षक सहसा मान वर करून बघतात. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर टेबलांची नावं आणि प्रत्येकासमोर ग्रेनचं वाक्य लिहा. स्क्रीनशॉट मागे लावा.