सेन्सिटिव्ह स्किन: आधी हात, मग चेहरा

नवीन काही विकत घ्यायच्या आधी जे चालू आहे ते बंद करा. स्क्रब, टोनर, मास्क, चेहरा घासायचा ब्रश, नाकावर चिकटवायच्या पट्ट्या, सगळं. लिंबू आणि बेकिंग सोडासुद्धा. एक जहाल आम्ल, दुसरा अल्कली. वस्तू स्वयंपाकघरातली आहे म्हणून त्वचा तिला माफ करत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र आपल्या मनाने थांबवू नका. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, तेव्हा चार दिवसांत आरशासमोर उभं राहून हिशोब मागायचा नाही.

खरेदी तीनच वस्तूंची: क्लेंझर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. सीरम नको. हो, सगळे सांगतात ते सीरमही नको, निदान सध्या. क्लेंझर साबणविरहित घ्या. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली), पाचच्या आसपास असतो आणि साध्या साबणाचा नऊ ते दहा. तोंड धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटत असेल तर तो क्लेंझर तुमच्या कामाचा नाही. मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन, सिरॅमाइड (त्वचेत असतातच तसे स्निग्ध घटक), पेट्रोलॅटम (व्हॅसलीन) यांतलं काही असलं की पुरे. सनस्क्रीन ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं), एसपीएफ म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा 30 किंवा वर, आणि शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं. एसपीएफ 30 यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, 50 सुमारे 98. त्या एका टक्क्यासाठी जीव टाकू नका. पुरेसं लावलं का, हा प्रश्न मोठा आहे.

बाटलीचा पुढचा भाग वाचू नका, मागचा वाचा. ‘हायपोॲलर्जेनिक’ (ॲलर्जीची शक्यता कमी) हा शब्द कसलीही हमी देत नाही. परफ्यूम, फ्रेग्रन्स, लिमोनीन, लिनालूल ही सुगंधी द्रव्यं किंवा कुठलंही इसेन्शियल ऑइल (वनस्पतींचा सुगंधी अर्क) दिसलं तर बाटली परत फळीवर. ‘अनसेंटेड’वरही भिस्त ठेवू नका, मूळ वास झाकायला त्यात कधीकधी सुगंधी द्रव्य घातलेलं असतं, ‘फ्रेग्रन्स फ्री’ शोधा. आणखी एक लांबलचक नाव लक्षात ठेवा: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. वस्तू टिकवण्यासाठी घालतात त्या या प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी इतकी बोकाळली की युरोपियन युनियनने 2017 मध्ये लावून तसंच ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये त्यावर बंदी घातली.

आता पॅच टेस्ट, म्हणजे नवी वस्तू चेहऱ्याआधी हातावर लावून बघणं. मागच्या वेळी माझ्या यादीत बाकी सगळं होतं, हे एवढं नव्हतं, आणि माझ्या पापण्या सुजून डोळे उघडेनात. तेव्हा हा परिच्छेद वगळून पुढे जाऊ नका. कोपराच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठ्या जागेत, रोज दोनदा, 7 ते 10 दिवस, त्याच जागी लावायचं. बॉलपेनने भोवती गोल काढा, नाहीतर तिसऱ्या दिवशी नक्की कुठे लावलं होतं ते शोधत बसाल. दोन वस्तू तपासायच्या तर एक डाव्या हातावर, एक उजव्या, आणि कुठल्या हातावर काय ते फोनमध्ये लिहून ठेवा. क्लेंझर असेल तर पाचेक मिनिटं ठेवून धुवा. रात्री एकदा लावलं, सकाळी काही झालं नाही, म्हणजे पास, असं नसतं. जळजळ लगेच कळते. ॲलर्जीची पुरळ मात्र बऱ्याचदा दोन ते चार दिवसांनी उगवते, आणि नव्याने जडत असेल तर त्याहूनही उशिरा. म्हणून निदान सात दिवस. वस्तू महाग आहे म्हणून पाच नव्हे. खाज, लाली, बारीक फोड, काहीही दिसलं की धुवून टाका आणि ती वस्तू विसरा. सनस्क्रीनच्या बाबतीत आणखी एक गोम आहे: काही ॲलर्जी ऊन लागल्याशिवाय दिसतच नाहीत. त्यामुळे ते बाहीखाली न तपासता मनगटाजवळ, ऊन लागेल अशा जागी तपासा.

हातावर पास झालं तरी तिन्ही वस्तू एकदम चेहऱ्यावर आणायच्या नाहीत. एकदम आणल्या आणि चेहरा लाल झाला, तर गुन्हेगार कोण हे कसं ठरवणार? आधी मॉइश्चरायझर, आठवडाभराने क्लेंझर, मग सनस्क्रीन. तोवर उन्हात टोपी घाला, सावलीने चाला. घाई होतेय? होऊ दे.

सकाळी कोमट पाणी, फार तर थोडा क्लेंझर. गरम पाणी अजिबात नको. टॉवेलने टिपा, घासू नका, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. मग सनस्क्रीन: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. जास्त वाटतं, पण एसपीएफचा आकडा एवढ्या जाडीच्या थरावरच मोजलेला असतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

रात्री क्लेंझर, मॉइश्चरायझर, झोप.

चेहऱ्यावरून ओघळणारा शाम्पू, उशीचा अभ्रा धुवायची सुगंधी पावडर, केसांचा रंग, हेही चेहऱ्याशी संबंधितच आहे. सगळं नीट करूनही खाज जात नसेल तर तिकडे बघा. घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला लावू नका. लाली दोन दिवसांत जाते, मलम सोडलं की बऱ्याचदा वाढून परत येते, आणि त्वचा पातळ होते ती वेगळीच. डोळे-ओठ सुजले, पाणी वाहणारे फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, वापरत असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून. श्वासाला त्रास झाला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बाटलीवरच्या उघड्या डबीच्या चित्रात 12एम असेल तर बारा महिने, त्यापुढे कचरा. घटकांच्या यादीचा फोटो काढून ठेवा, कारण कंपन्या नाव तेच ठेवून आतला फॉर्म्युला बदलतात. संपली की नवी आणाल, तेव्हा फोटोशी ताडून बघा. यादी बदललेली दिसली तर पुन्हा हातावर, पुन्हा सात दिवस. जुनी थोडी शिल्लक असतानाच नवी आणा, म्हणजे तेवढे दिवस निघतील.