गाडी पहिल्यांदा आडवी झाली? मग या चुका टाळा

माझी मोटरसायकल पहिल्यांदा आडवी झाली ती पुण्यात तळजाईच्या चढावर, आणि वेग होता जवळपास शून्य. सकाळची वेळ, टेकडीवर जाणाऱ्यांची वर्दळ. उजवीकडे वळून परत फिरायचं होतं. हँडल पूर्ण वळवलेलं असताना समोरून एक काका कुत्र्यासकट आडवे आले आणि मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला. उजवा पाय टेकवायला गेलो, तर उताराच्या बाजूला रस्ता चार बोटं खाली. गाडी म्हैस बसते तशी सावकाश बसली.

मला खरचटलंही नाही. पण चार माणसं बघतायत म्हणून मी ती झटक्यात उचलली, ती सरळ होऊन थेट पलीकडे, डाव्या अंगावर पडली. मग वाकलेला ब्रेक लिव्हर हातानं सरळ करायला गेलो आणि तोडला. पहिल्या पडण्यात फक्त आरशाला ओरखडा आला होता आणि लिव्हर वाकला होता. बाकीचं सगळं लाजेनं केलं.

नव्या चालकांचं हेच होतं. पडणं फुटकळ असतं, त्यानंतरची दहा मिनिटं महागात पडतात.

उचलायची घाई

आधी स्वतः रस्त्याच्या कडेला या. कर्वे रोडला मागून पीएमपीची बस येत असेल तर गाडी राहू दे तिथंच, आधी एखाद्याला मागची वाहनं थांबवायला सांगा. इंजिन चालू असेल तर उजव्या हाताचं लाल बटण, म्हणजे किल स्विच, बंद करा आणि मग चावी. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत असेल तर आसपास सिगारेट ओढणाऱ्याला लांब जायला सांगा. पुण्यात असा एक तरी असतोच, आणि तोच सल्लेही देत असतो.

पल्सर 150 जवळपास 150 किलोची, 350 ची बुलेट 195 किलोची. कमरेत वाकून हे वजन उचललं की पाठ धरते. गाडीकडे पाठ करा, बूड सीटच्या कडेला टेकवा, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. एका हातानं खालची मूठ धरा, दुसऱ्यानं मागची ग्रॅब रेल, म्हणजे सीटमागची धरायची दांडी, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटा. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढा आणि पहिला गिअर टाका. माझी गाडी पलीकडे पडली, कारण मी यातलं काहीच केलं नव्हतं.

मदतीला येणारे बहुतेक इंडिकेटर नाहीतर आरसा धरून उचलतात. त्यांना हँडल आणि ग्रॅब रेल दाखवा, आणि सायलेन्सर तापलाय हेही सांगा.

सेल्फ मारत राहणं

गाडी उभी झाली की दुसरी घाई ती चालू करायची. होत नाही, आणि माणूस बॅटरी उतरेपर्यंत बटण दाबत बसतो. सगळ्यात जास्त वेळा कारण हे असतं की किल स्विच आपणच बंद केलेला असतो. त्याखालोखाल गिअरमध्ये असताना बाहेर राहिलेला साइड स्टँड. बीएस 6 हे प्रदूषणाचे नियम आल्यापासूनच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्यांत गाडी आडवी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. तो इंजिन बंद पाडतो आणि गाडी सरळ केली तरी लगेच सोडत नाही. चावी बंद करून काही सेकंदांनी पुन्हा चालू करा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तुंबलेलं असतं, तिला पाच मिनिटं द्या, चोक न ओढता अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सुरू करा.

सुरू झाल्यावर थोडा निळसर पांढरा धूर आला तर तो बहुधा इंजिनात गेलेल्या ऑइलचा असतो. मिनिटभरात थांबत नसेल तर इंजिन बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

तसंच घरी नेणं

गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर ब्रेकचा पेडल आत वाकून अडकलाय का बघा. डाव्या अंगावर पडली असेल तर गिअर लिव्हर इंजिनच्या कव्हरला घासतोय का बघा, आणि त्या कव्हरखाली ऑइलचा थेंबही बघा. माझ्यासारखी दोन्ही अंगांवर पाडली असेल तर सगळंच बघा. पुढचं चाक सरळ असताना हँडल तिरकं दिसलं तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, पिळलेला असतो. लोक चाक गुडघ्यात धरून हँडल हिसकतात. त्यापेक्षा हळू हळू जवळच्या गॅरेजला न्या, तिथं फोर्कचे नट सैल करून तो नीट बसवतात.

लिव्हरची गोष्ट वेगळी. तो ओतीव अॅल्युमिनियमचा असतो, थंड असताना वाकवून सरळ केला की त्यात चीर जाते. माझा लगेच तुटला हे बरंच झालं. चीर गेलेला लिव्हर नेमका जोरात ब्रेक मारताना तुटला असता. साध्या गाड्यांचा लिव्हर नाना पेठेत, पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, टाकी भरायला लागतात त्याहून कमी पैशांत मिळतो, त्यात जुगाड करू नका.

"काही नाही, काही नाही"

पडल्यावर माणूस आधी हात टेकतो, म्हणून मनगट बघा. अंगठ्याच्या बुडाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो तिथं दाबून दुखलं तर मुरगळलंय म्हणून मलम चोळत बसू नका. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. डॉक्टर हात बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला लावतात. त्या हाडाला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे दुर्लक्ष केलं की जुळायचं राहून जातं.

खरचटलेलं नळाच्या धारेखाली साबणानं धुवा, खडी निघेपर्यंत. हळद नको, कॉफी पावडर नको. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालं नसेल तर विचारून घ्या. हेल्मेट जमिनीला आपटलं असेल तर नवं घ्या, आतलं थर्माकोलसारखं अस्तर एकदाच दबतं आणि ते बाहेरून दिसत नाही. डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर तडक हॉस्पिटल.

एबीएस आहे म्हणून

एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे, पण चालण्याच्या वेगात तो काम करत नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडते, मग ती कितीही महागडी असो. हळू वळताना मागचा ब्रेक अलगद धरायचा, क्लच अर्धा, आणि नजर जिथं जायचंय तिथं. कुत्र्याकडे नाही.

दुसरं म्हणजे मे महिन्यातला वळवाचा पाऊस. वर्षभराचं ऑइल आणि धूळ वर येते, आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, जांभळाच्या झाडाखालचा रस्ता, सगळं निसरडं होतं. त्या पहिल्या अर्ध्या तासात टपरीवर चहा घ्या.

राहिला इन्शुरन्स. नव्या गाडीसोबत पाच वर्षांचा मिळतो तो थर्ड पार्टी, त्यात तुमचा आरसा येत नाही. स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी असली तरी आरसा आणि लिव्हरसाठी क्लेम करू नका. क्लेम न केल्याची सूट पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते, पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत जाते, आणि एका क्लेमनं ती शून्यावर येते. लिव्हर आणि आरसा मी खिशातूनच भरले.